संगणकातील गाडी आणि ग्वाल्हेरचे ऊन

१० जून २०१९ रोजी केरळ एक्स्प्रेस आग्र्याहून निघून धोलपूर, मोरेना आणि ग्वाल्हेर मागे टाकत झाशीला पोहोचली, तेव्हा तिच्या बिगरवातानुकूलित शयनयान डब्यांत हाहाकार माजलेला होता. यात्रा आटोपून तामिळनाडूकडे परतणाऱ्या वृद्ध प्रवाशांच्या एका मोठ्या समूहातील चौघांचा उष्णतेने बळी घेतला. गाडीला अपघात झाला नव्हता, आग लागली नव्हती, इंजिन बंद पडले नव्हते. पंखे फिरत होते, खिडक्या उघड्या होत्या आणि गाडी वेगात धावत होती. रेल्वेच्या नेहमीच्या मोजपट्टीने पाहिले तर सारे सुरळीत चालले होते. तरीही माणसे दगावली, कारण त्या डब्यात येणारा वाराच मारक होता.

उत्तर भारतातील उन्हाळा गोमंतकीय वाचकाला ऐकून ठाऊक असतो. पण तेथील प्रवासाचा अनुभव घेतल्याशिवाय त्याची जात कळत नाही. ग्वाल्हेरला मे आणि जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. वारा थांबला म्हणून तेथे उकडत नाही. उलट वारा सुटला की अंग भाजते. या वाऱ्यालाच लू म्हणतात. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा शरीरातील उष्णता वाहून नेतो. हवा ४५ अंशांची असेल तर तोच वारा शरीरात उष्णता ओततो. मग घाम हा एकच मार्ग उरतो. वृद्धांना घाम कमी येतो, प्रवासात पाणी बेताने प्यायले जाते आणि डब्याचे लोखंडी छत डोक्यावर तव्यासारखे तापलेले असते. अशा स्थितीत पंख्याचा वेग वाढवणे म्हणजे भट्टीला भाता लावणे होय.

या घटनेला सात वर्षे होत आली. दरम्यान वाहनांतील उष्णता हा विषय निरनिराळ्या दारांनी सार्वजनिक चर्चेत आला. विजेवर चालणाऱ्या दुचाकींना लागलेल्या आगी हे एक दार. ट्रकचालकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारा केंद्राचा नियम हे दुसरे. दोन्ही ठिकाणी उद्योगाकडून आणि नियामकांकडून एकच शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे सिम्युलेशन. गाडी प्रत्यक्ष तयार होण्यापूर्वीच संगणकात तिची प्रतिकृती उभी करायची, तिच्यावर संगणकातलेच ऊन पाडायचे, संगणकातलाच वारा सोडायचा आणि कोणता भाग किती तापतो हे पाहायचे, अशी ही पद्धत आहे. तिची उपयुक्तता वादातीत आहे. प्रश्न वेगळाच आहे आणि तो तंत्रज्ञानाइतकाच धोरणाचाही आहे: संगणकातल्या त्या गाडीवर ऊन कोणत्या गावचे पाडले जाते?

ही पद्धत चालते कशी, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. गाडीच्या आतील आणि भोवतालच्या हवेचे संगणकात लक्षावधी सूक्ष्म घरांमध्ये विभाजन केले जाते. प्रत्येक घरातील हवेचा वेग, दाब आणि तापमान शेजारच्या घराशी जोडणारी समीकरणे असतात. पत्र्यातून उष्णता कशी वाहते, काचेतून ऊन कसे शिरते, तापलेला डॅशबोर्ड आतल्या माणसाकडे किती उष्णता फेकतो, हे सारे त्यात येते. संपूर्ण गाडीचे असे गणित सोडवायला शक्तिशाली संगणकांनाही तासन् तास लागतात. म्हणून अभियंते दुसरी, सुटसुटीत पद्धतही जोडीला ठेवतात. तीत कॉम्प्रेसर, रेडिएटर, पंप, बॅटरी यांना एकेका ठोकळ्याचे रूप देऊन तासाभराचा प्रवास काही मिनिटांत गणला जातो. अ‍ॅन्सिस, जीटी-सूट यांसारखी महागडी सॉफ्टवेअर या कामासाठी आहेत, तशीच ओपनफोमसारखी विनामूल्य उपलब्ध असलेलीही आहेत.

यातील प्रत्येक गणिताच्या आरंभी काही आकडे माणसाने भरावे लागतात. बाहेरचे तापमान किती, आर्द्रता किती, ऊन किती तीव्र, गाडीचा वेग किती, आत माणसे किती, दार किती वेळा उघडते. भर दुपारी उघड्या जमिनीच्या एका चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १ हजार वॉट ऊर्जा पडते; हा आकडा जगभर जवळपास सारखाच. बाकीचे आकडे मात्र गावागणिक बदलतात. संगणक ते खरे की खोटे हे विचारत नाही. त्याला २५ अंश सांगितले तर तो २५ अंशांचे अचूक उत्तर देतो, आणि ते उत्तर ४५ अंशांच्या गावी निरुपयोगी ठरते.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. विजेवरच्या स्कूटरमध्ये साधारण ३ किलोवॉट-तासांची बॅटरी असते, असे धरू. चढावर किंवा वेगात ती ३ किलोवॉट शक्ती देत असेल आणि त्यातील ५ टक्के जरी बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे उष्णतेत गेली, तरी पेटीच्या आत १५० वॉटची शेगडी पेटलेली असते. ही उष्णता बाहेर पडायची तर पेटी भोवतालच्या हवेपेक्षा गरम असावी लागते. समजा, हवा २५ अंशांची असताना पेटी ४५ अंशांवर स्थिरावते, म्हणजे फरक २० अंशांचा. तीच स्कूटर, तोच चढ, तोच स्वार, पण हवा ४५ अंशांची. पेटी आता ६५ अंशांकडे निघते. लिथियम-आयन घटांना साधारण १५ ते ३५ अंशांचा पट्टा मानवतो. ६० अंशांच्या पुढे त्यांचे आयुष्य झपाट्याने ओसरते. तापमान आणखी वाढत गेले की घटाच्या आतील संरक्षक थर मोडू लागतो, त्यातून नवी उष्णता निर्माण होते, ती पुढचा थर मोडते आणि शेवटी उष्णतेचा तो अनावर भडका उडतो, ज्याला अभियंते थर्मल रनअवे म्हणतात.

आणि ४५ अंश हा आकडाही फसवा आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. स्कूटरची बॅटरी मात्र पायाशी, डांबरापासून वीतभर अंतरावर असते आणि दुपारचे डांबर ६० अंशांच्या पुढे तापलेले असते. वेधशाळेचा आकडा जसाच्या तसा संगणकात भरला, तरी ग्वाल्हेरच्या रस्त्यावरची स्कूटर ज्या हवेत वावरते ती हवा संगणकात उतरत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात याचे परिणाम देशाने पाहिले. मार्च अखेरीस तामिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीच्या धुराने पिता आणि त्याच्या अल्पवयीन मुलीचा अंत झाला. लागलीच पुण्याच्या लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ नव्या स्कूटर वाहून नेणाऱ्या कंटेनरमध्येच आग लागली आणि वीसएक गाड्या खाक झाल्या. या आगी केवळ उन्हामुळे लागल्या, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. घटांचा दर्जा, जोडणीतील दोष आणि नियंत्रक प्रणालीच्या उणिवा यांची चर्चा तेव्हा झाली आणि ती योग्यच होती. परंतु सदोष घट आणि तीव्र ऊन हे एकमेकांचे साथीदार आहेत. २५ अंशांत जो दोष झाकलेला राहतो, तो ४५ अंशांत उघडा पडतो.

सरकारने त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात दुरुस्ती केली. तिचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. बॅटरीच्या पेटीत किमान चार तापमान-संवेदक, घटांमध्ये उष्णता पसरणार नाही इतके अंतर, भडक्यापूर्वी वाहनचालकाला दिसेल आणि ऐकू येईल असा इशारा, आणि एका घटाने पेट घेतला तर उरलेली पेटी कशी वागते याची चाचणी, अशा तरतुदी त्यात आल्या. उशिरा का होईना, ही दिशा बरोबर होती. घटांतील नेमके अंतर किती ठेवावे, संवेदक कोठे बसवावेत, हे ठरवण्यासाठी सिम्युलेशनशिवाय व्यवहार्य मार्ग नाही. पन्नास पेट्या जाळून पाहणे कोणत्याही छोट्या उत्पादकाला परवडणारे नसते.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. पुणे आणि बंगळूरू येथील अभियांत्रिकी केंद्रांतून आज जगभरच्या मोटारींची उष्णतेची गणिते सोडवली जातात. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत धावणारी आणि स्वीडनच्या बर्फाळ आर्येप्लोगमध्ये तपासली जाणारी आलिशान जर्मन गाडी मराठी आणि कन्नड तरुणांच्या पडद्यावर आधी तापते, आधी गोठते. ग्वाल्हेरच्या महाराजबाड्यावरून दिवसभर सवारी वाहणाऱ्या ई-रिक्षाच्या वाट्याला मात्र असे गणित क्वचितच येते. ती कोठेतरी सुट्या भागांतून जुळवलेली असते, तिची बॅटरी सीटखाली कोंबलेली असते, आणि तिचा चालक भर उन्हात ती हातात येईल त्या वायरने चार्ज करतो. ज्ञान देशात आहे, कौशल्य देशात आहे. ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही, कारण त्याचे पैसे कोणी मोजत नाही.

ट्रकचालकांच्या बाबतीत निदान कायद्याने एक पाऊल टाकले आहे. ग्वाल्हेर हे श्रीनगर ते कन्याकुमारी या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वरचे नाक्याचे शहर आहे आणि आपल्याकडे ज्याला मुंबई-आग्रा मार्ग म्हणतात तोही तेथूनच जातो. धुळे, नाशिककडे येणारा उत्तरेचा माल बऱ्याच अंशी याच वाटेने उतरतो. ४३ ते ४७ अंशांच्या उष्म्यात चालक ट्रक हाकतात, हे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे मांडले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिसूचना निघाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ व एन-३ वर्गातील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक झाली. यंत्रणेची तपासणी आयएस १४६१८:२०२२ या भारतीय मानकानुसार व्हावयाची आहे.

नियमाचे स्वागत करतानाच त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो नव्या ट्रकना लागू आहे. रस्त्यावरचे जुने ट्रक पुढची अनेक वर्षे तसेच धावणार. शिवाय यंत्रणा बसवणे आणि ती चालू राहणे यांत अंतर आहे. वातानुकूलनाला इंजिनाची शक्ती लागते, म्हणजे डिझेल लागते, आणि डिझेलचा हिशेब मालक चालकाच्या खात्यावर मांडत असेल तर बटण असूनही ते दाबले जाणार नाही. सिम्युलेशनचा खरा उपयोग नेमका इथे आहे. भारतीय ट्रकमध्ये बहुधा इंजिन केबिनच्या खालीच असते. तळातून येणारी उष्णता, समोरच्या रुंद काचेतून येणारे ऊन आणि छताच्या पत्र्यातून झिरपणारी धग यांचे वाटे संगणक वेगवेगळे करून दाखवतो. तळाला दोन बोटे जाडीचे निरोधक अस्तर घातले तर कॉम्प्रेसर किती लहान चालेल, काच बदलली तर किती डिझेल वाचेल, हे कारखान्यात पत्रा कापण्यापूर्वीच कळते. थंडावा वाढवण्यापेक्षा उष्णता अडवणे नेहमीच स्वस्त पडते.

ही गोष्ट ग्वाल्हेरच्या जुन्या वस्तीला संगणकाशिवायही ठाऊक होती. शिंद्यांच्या काळात लष्कर भागात वसलेल्या मराठी कुटुंबांनी तेथे जाड दगडी भिंतींची घरे, आतले चौक आणि उन्हाळ्यात दारांना पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे अशी व्यवस्था स्वीकारली. भिंत दिवसभर ऊन पिऊन घेई आणि रात्री ते सोडून देई. गाडीला ही चैन नाही. तिचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा आणि काचेचा विस्तार मोठा. सूर्याची जवळपास अर्धी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती परतवणारी काच बनवता येते, परंतु स्वस्त गाड्यांना ती सहसा मिळत नाही. काळ्या फिल्म लावून लोक ही उणीव भरून काढीत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेच्या कारणास्तव अशा फिल्मना मनाई केली आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा, हा नियम काटेकोर केला. निर्णय समजण्यासारखा होता. पण प्रकाश रोखणे आणि उष्णता रोखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद सामान्य ग्राहकाला समजावून देण्याचे काम उद्योगाने केले नाही.

गोव्याच्या वाचकाच्या मनात एव्हाना एक शंका आली असेल. आपल्याकडे पारा ३३-३४ अंशांच्या वर फारसा जात नाही. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या, तो प्रसंग अपवादाचा. मग ग्वाल्हेरच्या उन्हाची चिंता पणजीने का करावी? उत्तर असे की, गोव्याचा प्रश्न ग्वाल्हेरपेक्षा सौम्य नाही, तो वेगळ्या जातीचा आहे, आणि संगणकात भरल्या जाणाऱ्या आकड्यांत तो आणखी सहजपणे निसटतो.

उष्म्याचा त्रास मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे आणि पारा कोठवर उतरतो ते पाहायचे. घाम वाळून शरीर किती थंड होऊ शकेल, याचा तो अंदाज असतो. ग्वाल्हेरला ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचा पारा सुमारे २४ अंशांवर येतो. गोव्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो २९ अंशांच्या आसपासच थांबतो. म्हणजे पाणी मिळत असेल आणि सावली असेल तर ग्वाल्हेरच्या माणसाला घामाचा आधार उरतो. गोव्याच्या माणसाचा घाम अंगावरच राहतो. वाळ्याचा पडदा आणि कूलर ग्वाल्हेरला का चालतात आणि म्हापशात का चालत नाहीत, याचे कारण हेच.

वातानुकूलित बसच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच बोलका आहे. बाहेरची एक किलो हवा २५ अंशांवर आणि निम्म्या आर्द्रतेवर आणायची तर ग्वाल्हेरच्या त्या दुपारी तिच्यातून सुमारे १९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. गोव्यात तेच काम करायला सुमारे ४५ किलोज्यूल काढावी लागते, म्हणजे दुपटीहून अधिक. कारण हवा थंड करण्यापेक्षा तिच्यातील बाष्पाचे पाणी करण्यात अधिक शक्ती खर्च होते. ग्वाल्हेरच्या यंत्रणेची अडचण वेगळी आहे: तिला काढलेली उष्णता ४५ अंशांच्या हवेत फेकावी लागते आणि पत्र्यातून व काचेतून येणारी धग तेथे जास्त असते. गोव्याची अडचण दारात आहे. पणजी ते मडगाव न थांबता जाणाऱ्या शटल बसचे दार मधे उघडत नाही. गावागावांतून थांबत जाणाऱ्या बसचे दार दर दोन-तीन मिनिटांनी उघडते आणि प्रत्येक वेळी ती दमट हवा आत येते. विजेवर चालणाऱ्या बसमध्ये ही सारी शक्ती त्याच बॅटरीतून जाते जिच्यावर बस धावते. सिम्युलेशनमध्ये दार किती वेळा उघडले, हा एक आकडा चुकला तर कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांत मोठी तफावत पडते, आणि संध्याकाळच्या फेऱ्या रद्द होण्याची वेळ येते.

राज्याने या मार्गावर पाऊल टाकलेले आहे. २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण आले, कदंब परिवहन महामंडळाच्या ताफ्यात विजेच्या बसगाड्या आल्या, आणि जानेवारी २०२४ पासून नवी पर्यटक वाहने, भाड्याच्या मोटारी आणि दुचाकी विजेवरच्या असाव्यात, अशी घोषणा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै २०२३ मध्ये केली होती. हेतू स्तुत्यच आहे. पण भाड्याच्या दुचाकीचा दिनक्रम पाहावा. कळंगुट किंवा हणजूण येथे ती दिवसभर उघड्यावर उभी असते. पर्यटक ती दोघे बसून, सामानासह चढावर पळवतो. दुपारी ती परत येते आणि पुढचे गिऱ्हाईक वाट पाहत असते म्हणून तापलेल्या अवस्थेतच चार्जिंगला लागते. गरम घटाला चार्ज करणे म्हणजे आधीच तापलेल्या कढईखाली जाळ वाढवणे. समुद्राच्या खाऱ्या हवेने रेडिएटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या झिजतात आणि उष्णता बाहेर टाकण्याची त्यांची क्षमता वर्षागणिक घटते, हा आणखी एक घटक. कोऱ्या गाडीवर केलेले गणित तीन पावसाळे काढलेल्या गाडीला लागू पडत नाही. आपल्या मोटारसायकल पायलटांनी उद्या विजेच्या गाड्या घ्याव्यात असे सरकारला वाटत असेल, तर त्यांच्या पोटापाण्याचा हिशेब या तपशिलांवरच ठरेल. बॅटरीच्या वार्धक्याविषयी अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की झीज साधारण दुप्पट होते. पाच वर्षे चालेल म्हणून कर्ज काढून घेतलेली बॅटरी अडीच वर्षांत थकली, तर हप्ता फेडायचा कोणी?

खाणपट्ट्यातील ट्रकमालकांचाही यात विचार व्हायला हवा. खाणबंदीच्या दीर्घ काळात उभे राहिलेले आणि आता वाहतुकीला पुन्हा लागणारे जुने टिपर वातानुकूलनाच्या नियमाबाहेर आहेत. धुळीमुळे त्यांच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि बंद खिडक्यांच्या केबिनमध्ये इंजिनाची धग व एप्रिलमधली दमट हवा एकत्र येते. या चालकांसाठी कोणी गणित केलेले नाही आणि ते आपणहून होणारही नाही.

मग करता येण्याजोगे काय आहे? सर्वात आधी पारदर्शकता. वाहनांचा पल्ला आणि इंधनक्षमता सांगणाऱ्या प्रमाणित चाचण्या बहुधा प्रयोगशाळेच्या सौम्य तापमानात होतात. एकसारख्या अटी असल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण त्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे छापायला काय हरकत आहे? एक ४५ अंशांच्या कोरड्या हवेतील, वातानुकूलन चालू ठेवून. दुसरा ३४ अंशांच्या दमट हवेतील. उत्पादकाकडे सिम्युलेशन तयारच असते; आकडे बदलून ते पुन्हा चालवायला नवा कारखाना उभारावा लागत नाही. औषधाच्या बाटलीवर कोणत्या तापमानाखाली ठेवावे हे छापलेले असते. लाखाची स्कूटर विकताना तेवढीही माहिती दिली जात नाही.

दुसरी गोष्ट पडताळणीची. संगणकाचे उत्तर खरे की नाही, हे प्रत्यक्ष गाडीत संवेदक लावूनच कळते. पुण्याची एआरएआय १९६६ पासून वाहनांच्या तपासणीचे काम करते, आणि मध्य प्रदेशातच पिथमपूर येथे ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान धावपट्टीसह नॅट्रॅक्स ही भव्य चाचणी-संस्था उभी आहे. मात्र पिथमपूर माळव्यात आहे. माळव्याची थंड रात्र उगाच प्रसिद्ध झालेली नाही. ग्वाल्हेरच्या चंबळकाठच्या झळा तेथे नाहीत आणि कोकणपट्टीचा दमटपणा तर मुळीच नाही. ग्वाल्हेरला १९५७ पासून अभियंते घडवणारी माधव तंत्रविज्ञान संस्था आहे, आपल्याकडे फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. काही शे रुपयांचे तापमान-संवेदक, शहरातल्या दहा ई-रिक्षा किंवा दहा भाड्याच्या स्कूटर आणि विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर, एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी एका उन्हाळ्यात असा संच जमवू शकतात जो मोठ्या कंपन्यांकडेही नसेल. इमारतींच्या वातानुकूलनासाठी भारतीय शहरांच्या हवामानाच्या संगणकीय संचिका उपलब्ध आहेत, पण त्या सर्वसाधारण वर्षाच्या असतात. १० जून २०१९ सारखा दिवस अशा वर्षात सहसा नसतो.

तिसरी गोष्ट सर्वस्वी राज्य सरकारच्या हातातली आहे. नव्या बसगाड्यांच्या निविदेत पल्ल्याची अट असते. ती अट कोणत्या हवामानात, किती प्रवाशांसह, किती वेळा दार उघडून पूर्ण करायची, हे निविदेतच लिहिले तर पुरवठादाराला गोव्याच्या हवेचे गणित करणे भाग पडेल. त्या गणिताची प्रत महामंडळाने मागावी आणि पहिल्या बसमध्ये संवेदक लावून मे महिन्याच्या एका आठवड्यात ती तपासून घ्यावी. याला विधानसभेचा ठराव लागत नाही. निविदेच्या तांत्रिक परिशिष्टात चार ओळी वाढवाव्या लागतात, आणि त्या पुढची निविदा निघण्यापूर्वीच वाढवाव्या लागतील. बसगाड्या एकदा दाखल झाल्या की दहा-बारा वर्षे त्या बदलत नाहीत.